कांडीतला वळू

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पूर्वी प्रत्येक गावाचा एक वळू असे. काही ठिकाणी तो देवाच्या नावाने सोडलेला पोळ असे. त्याने कोणाच्याही पिकात तोंड घातले तरी लोक त्याला हाकलून देत, पण मारत नसत. या सवलतीमागे श्रद्धा होती, तसा हिशेबही होता. गावात पुढच्या चार-पाच वर्षांत जन्मणारी बहुतेक वासरे त्याचीच असणार होती. गाय वर्षाला फार तर एक वासरू देते. वळू मात्र वर्षाला साठ-सत्तर वासरांचा बाप होऊ शकतो. म्हणून जनावरांची जात सुधारायची असेल तर आधी बाप सुधारावा लागतो. सरकारच्या पशुपैदास कार्यक्रमांची नावे गेल्या नव्वद वर्षांत अनेकदा बदलली, पण त्या सगळ्यांचे काम दोनच गोष्टींचे आहे. चांगला वळू शोधायचा आणि तो जास्तीत जास्त दावणींपर्यंत पोहोचवायचा.

हे काम सरकारला का हाती घ्यावे लागले? कारण गावाच्या वळूची व्यवस्था मोडत गेली. उमदा दिसणारा गोऱ्हा बैल करण्यासाठी खच्ची केला जाई, किंवा चांगल्या किमतीला बाजारात जाई. मागे राहत ते कोणालाच नको असलेले रोडके गोऱ्हे. रानात चरताना त्यांच्यापासूनच गायी गाभण राहत. म्हणजे निवड होत होती, पण उलट्या दिशेने. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल १९२८ साली आला, त्यात देशातल्या गुरांच्या या अवस्थेची सविस्तर चर्चा आहे. मुंबई इलाख्यात १९३३ मध्ये पशुधन सुधारणेचा कायदा झाला. पुढे लिनलिथगो व्हाइसरॉय होऊन आले, तेव्हा १९३६ साली त्यांनी धनिकांना आवाहन केले की चांगले वळू दान करा. हेतू चांगला होता. पण दान केलेला वळू एका गावापुरताच, आणि त्याला रोज वैरण-पेंड कोण घालणार हा प्रश्न होताच.

उत्तर दुसऱ्या बाजूने आले. १९३९ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत डॉ. संपत कुमारन यांनी आपल्या देशातले पहिले कृत्रिम रेतन केले. स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेत 'की व्हिलेज' योजना सुरू झाली आणि कृत्रिम रेतन गावाकडे निघाले. त्या काळी वीर्य बर्फात थंड ठेवून थर्मासमधून नेत. ते जेमतेम दोन-तीन दिवस टिके. एस.टी. चुकली की माल वाया. १९६४-६५ पासून सघन पशुविकास प्रकल्प आले. दूध संकलनाच्या पट्ट्यांत सगळ्या सेवा एकत्र द्यायच्या, अशी त्यामागची कल्पना होती.

खरी क्रांती मात्र थंडीने केली. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की वीर्यात ग्लिसरीन मिसळले तर गोठवल्यावरही शुक्राणू जिवंत राहतात. आज द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, वीर्याची कांडी वर्षानुवर्षे टिकते. वळू मेला तरी त्याची वासरे जन्मत राहतात.

या कांडीचे गणित समजून घेण्यासारखे आहे. वळूच्या एका वेळच्या वीर्यात साधारण ५०० कोटी शुक्राणू असतात असे धरू. एका कांडीत भरतात २ कोटी. म्हणजे एका वेळच्या वीर्यातून २५० कांड्या झाल्या. आठवड्यातून दोन वेळा वीर्य घेतले तर वर्षाला हजारो. गावाच्या वळूचे साठ-सत्तर, आणि याचे हजारो. म्हणून कांडीतला वळू चांगला निघाला तर जिल्ह्याचे भले होते, आणि वाईट निघाला तर जिल्ह्याचे नुकसान होते. हा दुसरा अर्धा भाग आपण सहसा बोलून दाखवत नाही.

महाराष्ट्रात ही कांडी शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्यात एका स्वयंसेवी संस्थेचा वाटा मोठा आहे. गांधीजींबरोबर १९४६ मध्ये उरुळी कांचनला आलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' स्थापन केली. शेतकऱ्याने गाय दवाखान्यापर्यंत चालवत न्यायची नाही, रेतन करणाऱ्यानेच दुचाकीवर नायट्रोजनचे भांडे बांधून गोठ्यात जायचे, ही पद्धत या संस्थेने रुजवली. आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की कधीकाळी ती नवी होती हे आठवतही नाही.

त्याच सुमारास संकरीकरण जोरात सुरू झाले. गावठी गायीला होल्स्टीन किंवा जर्सी वळूची कांडी भरायची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार केली. पुणे, नगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत दुधाच्या पगारावर मुलांची शिक्षणे झाली, घरे उभी राहिली, ती बहुतांशी या संकरित गायींवर. गावठी गाय दिवसाला सरासरी तीन लिटरच्या आसपास दूध देते, संकरित गाय सुमारे आठ. संकरीकरणावर आज टीका करणे सोपे झाले आहे. पण ज्या घरात या गायीने चूल पेटती ठेवली, तिथे जाऊन ती टीका करून पाहावी.

तरीही एक गोष्ट चुकली, आणि ती हिशेबाची होती. गावठी गाय आणि होल्स्टीन वळू यांची पहिली कालवड निम्म्या रक्ताची. ती दूध भरपूर देते, ऊन सोसते, आजारी कमी पडते. शेतकरी खूश होतो आणि तिलाही पुन्हा होल्स्टीनचीच कांडी भरतो. तिची मुलगी ७५ टक्के, तिची मुलगी साडेसत्त्याऐंशी टक्के. दर पिढीला रक्त वाढते. पण गोठा तोच, पत्रा तोच, उन्हाळ्यातले चाळीस अंश तेच आणि वैरणही तीच. गाय धापा टाकते, गोचीड-ताप होतो, माज लांबतो. मग माणूस म्हणतो, संकरित गाय परवडत नाही. खरे तर त्याची गाय आता संकरित राहिलेलीच नसते, ती जवळजवळ परदेशी झालेली असते. म्हणूनच विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास ठेवावे, चारा-पाणी आणि सावलीची उत्तम सोय असेल तिथेच ७५ टक्क्यांपर्यंत जावे, असे तज्ज्ञ सांगत आले आहेत. त्यासाठी संकरित गायीला संकरित वळूची कांडी लागते. ती मागणारा शेतकरी मात्र विरळा.

दुसरे नुकसान शांतपणे झाले. आपल्याकडे खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी आणि गवळाऊ या मान्यताप्राप्त जाती आहेत. कोकण कपिला आणि पूर्व विदर्भातली कठाणी यांची नोंद अलीकडची. प्रत्येक जात आपल्या मुलखाची आहे. डांगीची कातडी तेलकट असते, म्हणून ती इगतपुरी-अकोल्याच्या डोंगरातल्या मुसळधार पावसात टिकते. खिलार ही कष्टाची आणि धावेची जात. तिच्याकडून दुधाची अपेक्षाच नाही. अशा जातीच्या मुलखात सरसकट कोणतीही कांडी भरली तर ना धड बैल मिळतो, ना धड दूध. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणना शेजारी ठेवून पाहा. देशातली विदेशी व संकरित गुरे सुमारे ४ कोटींवरून ५ कोटींच्या पुढे गेली. देशी गुरे १५ कोटींहून थोडी अधिक होती, ती १४ कोटी २१ लाखांवर आली. याच सात वर्षांत नर गोवंश जवळजवळ ३० टक्क्यांनी घटला. ट्रॅक्टर आला, बैल गेला, आणि बैलासाठी पाळली जाणारी गायही त्याच्या मागोमाग चालली.

सरकारी धोरणाने ही नोंद घेतली, उशिरा का होईना. ऑक्टोबर २००० मध्ये केंद्राने गाय व म्हैस पैदाशीचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. त्याचा पैसा थेट खात्याला न देता राज्यांनी स्वतंत्र मंडळे स्थापावीत असे ठरले. आपल्याकडचे महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ २००२ मध्ये त्यातूनच आले. गोठित वीर्य प्रयोगशाळांना किमान मानके लागू झाली. क्षय, सांसर्गिक गर्भपात अशा रोगांसाठी वळूंची नियमित तपासणी आणि केंद्रांची प्रतवारी सुरू झाली. ही बाब कोरडी वाटते, पण अतिशय महत्त्वाची आहे. रोगी वळूची कांडी म्हणजे हजारो गोठ्यांत एकाच वेळी पोहोचणारा रोग.

पुढे डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशन आले, त्यात देशी जातींचे जतन आणि विकास हा मुख्य भाग झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये, जिथे कृत्रिम रेतन कमी आहे अशा जिल्ह्यांत दारात मोफत रेतन देण्याचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. मार्च २०२५ मध्ये गोकुळ मिशनची सुधारित योजना मंजूर झाली. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी तिची एकूण तरतूद ३,४०० कोटी रुपये ठरली. आपल्या राज्यानेही २०२३ मध्ये गोजातीय प्रजननाच्या नियमनाचा कायदा केला. कोणीही कुठलीही कांडी कुठल्याही गायीला भरावी, हा प्रकार थांबावा म्हणून.

आता गोठ्यात येऊ. कारण कितीही कोटींची योजना असली तरी तिचा निकाल गोठ्यात, आणि तोही काही तासांत लागतो. गाय माजावर येते ती दर २१ दिवसांनी. माज टिकतो साधारण अठरा तास, आणि स्त्रीबीज सुटते ते माज संपल्यावर दहा-बारा तासांनी. म्हणून नियम असा, की सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाय हंबरते, दूध कमी देते, दुसऱ्या जनावरावर उडी घेते. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे काचेसारखी स्वच्छ, तार लोंबणारी सोट. ही खूण पाहणारे डोळे बहुतेक घरांत बाईचे असतात. शेण काढणारी, धार काढणारी तीच. पण माज ओळखण्याचे प्रशिक्षण असते तेव्हा बोलावणे जाते पुरुषाला. या एका गोष्टीत बदल केला तर कुठल्याही नव्या यंत्राशिवाय गाभण राहण्याचे प्रमाण वाढेल, असे माझे ठाम मत आहे.

एक माज चुकला तर काय जाते? दहा लिटरची गाय धरा. पुढचे वेत २१ दिवस लांबले, म्हणजे २१० लिटर दूध पुढे ढकलले गेले. भाकड गायीची २१ दिवसांची वैरण वेगळी. तीन माज चुकले की दोन महिने गेले. दोनच जनावरे असलेल्या घरात हा फटका सोसायटीच्या हप्त्याइतका असतो. मग गाय 'उलटते' म्हणून ती बाजारात जाते. दोष मात्र अनेकदा गायीचा नसतो. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून वितळवायची असते. ती खिशात किंवा तळहातावर चोळून वितळवली तर आतले शुक्राणू मरतात. भांड्यातला नायट्रोजन कमी झाला असेल तर कांडी आधीच मेलेली असते. शेतकऱ्याला बाहेरून दोन्ही कांड्या सारख्याच दिसतात, आणि पैसे दोन्हीचे तेवढेच पडतात.

म्हशीचे प्रकरण याहून अवघड आहे. देशात सुमारे ११ कोटी म्हशी आहेत आणि आपल्या एकूण दुधात त्यांचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. तरी योजनांच्या नावांत गोकुळच जास्त ऐकू येते. म्हशीचा माज 'मुका' असतो. ती फारशी हंबरत नाही, दुसऱ्या म्हशीवर उडी घेणे क्वचित, आणि खुणा दिसतात त्याही पुष्कळदा रात्री किंवा पहाटे. उन्हाळ्यात तर माज जवळजवळ दिसतच नाही. पावसाळा सरताना आणि थंडीत त्या फळतात. म्हणून म्हशीत कृत्रिम रेतन मागे राहिले आणि गावचा रेडा अजून टिकून आहे. तो रेडा कसा आहे, याची चौकशी फारसे कोणी करत नाही.

म्हशीत विदेशी संकराचा प्रश्नच नाही, कारण जगातल्या सर्वांत चांगल्या दुधाळ म्हशी आपल्याच आहेत. गावठी म्हशीला मुऱ्हा रेड्याची कांडी पिढ्यान्‌पिढ्या भरत गेले की पाच-सहा पिढ्यांत तिची वंशावळ जवळजवळ शुद्ध मुऱ्हा होते. पण हाच मंत्र सगळीकडे म्हटला तर पंढरपुरीचे काय होईल? तलवारीसारखी लांब शिंगे असलेली ही म्हैस कमी खाण्यावर भागवते आणि गिऱ्हाइकाच्या समोर, रस्त्यात उभी राहूनही पान्हा सोडते. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारे दूध ही तिचीच देणगी. मुऱ्हा हे करील याची खात्री कोणी द्यावी? म्हणून पंढरपुरीची तिच्या मुलखात निवड पद्धतीने सुधारणा करण्याचे काम राष्ट्रीय दुग्ध योजनेत घेतले गेले, ते योग्यच झाले. विदर्भात नागपुरी आहे, मराठवाड्यात मराठवाडी आहे, आणि पूर्णेच्या खोऱ्यातली पूर्णाथडी तर अलीकडेच नोंदली गेली.

म्हशींच्या बाबतीत एक जुने नुकसान विसरण्यासारखे नाही. मुंबईच्या तबेल्यांसाठी हरियाणा-गुजरातेतून निवडून निवडून दुधाळ म्हशी आणल्या जात. शहरातल्या तबेल्यांना जागा म्हणून १९४९ मध्ये आरे वसाहत झाली. पण भाकड म्हैस पुढच्या वेतापर्यंत पोसणे शहरात परवडत नसे. ती कसायाकडे जाई आणि तिचे पारडू दुधावाचून मरे. देशातल्या उत्तम म्हशींचे वाण अशा रीतीने वर्षानुवर्षे मुंबईत संपत राहिले. पैदास सुधारणेवर सरकार एका हाताने खर्च करत होते, आणि शहराची दुधाची भूक दुसऱ्या हाताने ते पुसत होती.

आता प्रश्न उरतो तो वळू निवडण्याचा. वळू तर दूध देत नाही, मग तो चांगला हे कळणार कसे? त्याच्या मुलींच्या दुधावरून. तरुण वळूच्या कांड्या अनेक गावांत भरायच्या, कालवडी जन्मायच्या, वाढायच्या, गाभण राहायच्या, व्यायच्या, आणि त्यांचे सबंध वेताचे दूध मोजायचे. याला सात-आठ वर्षे लागतात. तोवर सरकारे बदलतात, योजनांची नावे बदलतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. दूध मोजण्याची वही मात्र खंड न पडता चालू राहावी लागते. आपले घोडे नेमके इथे अडते.

गेल्या काही वर्षांत दोन नवी साधने आली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचे अनावरण झाले. पहिले, लिंगनिर्धारित वीर्याचे देशी तंत्रज्ञान. मादी घडवणाऱ्या शुक्राणूत नर घडवणाऱ्यापेक्षा सुमारे चार टक्के जास्त डीएनए असतो. यंत्र हा फरक ओळखून त्यांना वेगळे करते. अशा कांडीतून दहापैकी साधारण नऊ कालवडी होतात. बैलाची गरज संपत आलेल्या आणि २०१५ पासून गोवंश हत्याबंदी असलेल्या आपल्या राज्यात तिचे महत्त्व सांगायला नको; नको असलेल्या गोऱ्ह्याचे करायचे काय, हा प्रश्न गावोगाव आहे. पण एक सावधगिरी हवी. या कांडीत २ कोटी नव्हे, सुमारे २० लाखच शुक्राणू असतात. त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाण थोडे कमी. निरोगी कालवड, स्पष्ट माज आणि कुशल हात असेल तरच ती भरावी. उलटणाऱ्या म्हाताऱ्या गायीवर तिचा प्रयोग करू नये.

दुसरे साधन म्हणजे गायींसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप'. वासराच्या रक्ताच्या थेंबातून त्याच्या डीएनएतली हजारो ठिकाणे वाचून, हा गोऱ्हा पुढे चांगला वळू होईल का, याचा अंदाज बांधता येतो. सात वर्षे थांबावे लागत नाही. ऐकायला ही जादू वाटते. पण चिप फक्त अक्षरे वाचते. त्या अक्षरांचा अर्थ तिला शिकवावा लागतो. हजारो गायींचे डीएनए आणि त्याच गायींचे खरे मोजलेले दूध शेजारी ठेवल्यावरच तो अर्थ लागतो. म्हणजे फिरून आपण त्याच दुधाच्या वहीपाशी आलो.

ही वही आता संगणकात आहे. जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारतात, आणि 'भारत पशुधन' या प्रणालीत त्याची नोंद होते. २०२४ मध्ये राज्याने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले तेव्हा बिल्ला आवश्यक होता, म्हणून गावोगाव घाईघाईने बिल्ले मारले गेले. बिल्ला मारून काम झाले, अशी समजूत मात्र होऊ नये. त्या क्रमांकापुढे बाप कोण, रेतन कधी, वेत कितवे आणि दूध किती, हे भरले नाही तर तो कानातला दागिनाच.

शेतकऱ्याने यात काय करावे? रेतन करणारा येईल तेव्हा रिकामी कांडी त्याच्याकडून मागून घ्यावी. तिच्यावर वळूचा क्रमांक, जात आणि प्रयोगशाळेचे नाव छापलेले असते. तो क्रमांक आणि तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहावी. एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा माजावर आली का ते पाहावे, आणि आली नाही तरी दोन-अडीच महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्यावी. पुढे कालवड मोठी होऊन माजावर आली की हाच क्रमांक उपयोगी पडतो, कारण बापाचीच कांडी लेकीला भरली जाऊ नये. मराठवाड्यात कंधारी किंवा देवणी पाळत असाल तर त्याच जातीची कांडी मागा. नाही म्हटले तर पुन्हा मागा. मागणी नोंदली गेली नाही तर प्रयोगशाळा त्या जातीच्या कांड्या कमी भरतात, आणि मग कांडी मिळत नाही म्हणून मागणी आणखी घटते.